दाराची भीती, जमिनीजवळचा धोका: स्कायडायव्हिंग शिकणाऱ्यांसाठी

स्कायडायव्हिंग शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण दोन प्रश्न घेऊन येतो. विमानाच्या दारातून उडी मारवेल का? आणि पॅराशूट उघडलंच नाही तर? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण या खेळात मुरलेल्यांना काळजी वाटते ती तिसऱ्याच गोष्टीची. हल्लीच्या गंभीर दुखापती आणि मृत्यूंमधला मोठा वाटा व्यवस्थित उघडलेल्या पॅराशूटखालचा आहे. जमिनीपासून शंभर-दीडशे फुटांवर घेतलेलं घाईचं वळण, हवेत दोन कॅनॉपींची (उघडलेल्या पॅराशूटच्या कापडांची) टक्कर, ठरलेल्याच जागी उतरण्याचा हट्ट. म्हणून शिकताना लक्ष आणि पैसा कुठे जास्त घालायचा, हे सुरुवातीलाच ठरवलेलं बरं.

पुढचे परवान्याचे आणि उंचीचे आकडे अमेरिकेतल्या यूएसपीए या संघटनेच्या नियमांतले आहेत. इतर देशांत ते थोडेफार वेगळे असतात. तुम्ही जिथे शिकाल तिथले पाळायचे. उंची फुटांत दिली आहे, कारण बहुतेक ठिकाणी ऑल्टिमीटर, म्हणजे उंचीमापक, फुटांतच वाचतात.

शिकायचं कसं

टँडम उडीत तुम्ही प्रशिक्षकाच्या हार्नेसला जोडलेले असता आणि सगळे निर्णय त्याचे असतात. चव घ्यायला ती चांगली, पण तेवढ्याने शिक्षण होत नाही. खरं शिक्षण दोन वाटांनी होतं. एक स्टॅटिक लाइनची: साधारण 3000 ते 4000 फुटांवरून उडी, विमानाला बांधलेली दोरी पॅराशूट उघडते, आणि मोकळ्या पडण्याचा काळ पुढे हळूहळू वाढवत नेतात. दुसरी एएफएफची (ॲक्सिलरेटेड फ्रीफॉल): पहिल्याच उडीत साधारण 13000 फुटांवरून बाहेर, दोन्ही बाजूंनी दोन प्रशिक्षक तुम्हाला धरून, आणि पॅराशूट तुम्हीच उघडायचं. एएफएफ ही पद्धत 1980च्या दशकाच्या सुरुवातीला आली आणि आज ती जास्त रूढ आहे. स्टॅटिक लाइनमध्ये कॅनॉपीखालचा सराव लवकर पक्का होतो, एएफएफमध्ये शरीरावरचा ताबा. ज्याला आठवड्याला एखादीच उडी परवडते त्याने एएफएफ सुरू करण्याआधी थोडं थांबून पैसे साठवावेत, असं आमचं मत. दोन लेव्हलमध्ये महिन्याची फट पडली की आधीचं अर्धं विसरलेलं असतं, आणि विद्यार्थ्याने 30 दिवस उडी मारली नसेल तर उजळणीची उडी घ्यावीच लागते.

पहिल्या उडीआधीचा जमिनीवरचा वर्ग साधारण सहा ते आठ तासांचा असतो. त्यात विमानात चढणं-उतरणं, दारातली जागा, हवेतली कमान, खुणा, बिघाड आणि उतरणं एवढं सगळं येतं. यातलं कमानीचं काम शरीराला शिकवायचं असतं: कंबर पुढे ढकललेली, हनुवटी वर, हात खांद्यांच्या रेषेत, पाय गुडघ्यांतून थोडे वाकवून मागे. कंबर पुढे असली की शरीराचा सर्वांत खालचा बिंदू पोट होतं आणि हवा शरीराला आपोआप स्थिर ठेवते. कंबर मागे गेली की डळमळ सुरू होते, आणि घाबरून पाय आखडले की माणूस मागे सरकू लागतो किंवा गरगर फिरू लागतो. प्रशिक्षक हवेत ओरडून सांगू शकत नाही. तो डोळ्यांसमोर दोन बोटं धरतो, म्हणजे पाय लांब कर. एकच बोट रोखतो, म्हणजे आत्ता उघड. या खुणा घरी आरशासमोर पाठ करून या.

पहिल्या लेव्हलला अपेक्षा माफक असते: उंची वाचणं, पायलट शूटच्या (मुख्य पॅराशूट ओढून काढणाऱ्या छोट्या पॅराशूटच्या) मुठीपर्यंत हात नेऊन सरावाचे स्पर्श करणं, साधारण 5500 फुटांवर हातांनी इशारा करून उघडणं. पुढे एकच प्रशिक्षक, मग सुटं पडणं, 90 आणि 360 अंशांची वळणं, उलटी कोलांटी मारून पुन्हा स्थिर होणं, ट्रॅकिंग म्हणजे पडता पडता आडवं सरकत लांब जाणं, आणि शेवटी कमी उंचीवरून बाहेर पडून लगेच उघडणं. एखादी लेव्हल पुन्हा करावी लागणं अगदी नेहमीचं आहे. खर्चाचा अंदाज बांधताना दोन-तीन पुनरावृत्त्या धरूनच चाला. विंड टनेल (खालून येणाऱ्या वाऱ्यावर तरंगत पडण्याचा सराव करायची जागा) जवळ असेल तर एएफएफआधी पंधरा-वीस मिनिटांचा सराव पुष्कळ उपयोगी पडतो. मात्र टनेलमध्ये ऑल्टिमीटर बघायची सवय लागत नाही, आणि टनेलमध्ये तरबेज झालेली माणसं बाहेर उंचीचं भान हरवून बसतात.

ए परवान्याला किमान 25 उड्या लागतात. त्यांतल्या पाच इतरांबरोबरच्या, आणि लक्ष्यापासून 20 मीटरच्या आत, रेडिओवरच्या मदतीशिवाय पाच वेळा उतरलेलं असावं लागतं. स्वतःचं पॅराशूट घडी करता यावं लागतं. पुढे बी परवान्याला 50, सीला 200 आणि डीला 500 उड्या. हे आकडे शर्यतीचे टप्पे समजून धावणारे लोक दर हंगामात दिसतात.

शरीराबद्दल थोडक्यात. खांदा आधी निखळलेला असेल तर ते लपवू नका. हवेत तो निखळला तर मूठ ओढताच येणार नाही. सर्दीत उडी मारू नका. वर जाताना त्रास जाणवत नाही, पण खाली येताना कान आणि सायनस असे दुखतात की उतरण्यावर लक्ष राहत नाही. स्कूबा डायव्हिंगनंतर किमान 24 तास थांबा.

उंची म्हणजे वेळ

पोटावर पडणाऱ्या माणसाचा स्थिर वेग ताशी साधारण 190 किलोमीटर असतो. पहिल्या दहा सेकंदांत सुमारे 1000 फूट जातात, त्यानंतर दर साडेपाच सेकंदांना हजार. 13000 फुटांवरून बाहेर पडलात तर 4000 पर्यंत यायला जेमतेम 55 सेकंद. 2500 फुटांवर पॅराशूट नसेल तर जमीन चौदा सेकंदांवर आहे, आणि कॅनॉपी पूर्ण भरायलाच तीन ते पाच सेकंद लागू शकतात.

म्हणून हवेत निर्णय घ्यायचे नसतात, आधी घेतलेले निर्णय पार पाडायचे असतात. ए परवानाधारकाने 3000 फुटांच्या खाली उघडायचं नाही. 2500 फुटांवर निर्णय झालेला हवा: वर जे आहे ते उतरवण्याजोगं आहे की नाही. बी परवान्यापासून पुढे ही निर्णयाची उंची 1800 फूट आहे. 1000 फुटांच्या खाली मुख्य पॅराशूट सोडायचं नाही, कारण रिझर्व्हला, म्हणजे राखीव पॅराशूटला, भरायला पुरेशी उंची उरत नाही. तिथे आणखी कापड हवं असेल तर मुख्य तसंच ठेवून रिझर्व्ह उघडतात.

या आकड्यांत सूट घेण्याची कारणं नेहमी गोड असतात: समोरच्या मित्राचा हात आता धरणारच होतो, कॅमेरा चालू होता, एक वळण राहिलं होतं. ठरलेली उंची आली की वळण अर्धवट सोडून उघडायचं. अस्थिर असाल तरी उघडायचं. स्थिर व्हायची वाट बघत खाली जाण्यापेक्षा वाकडंतिकडं उघडलेलं परवडतं.

पाठीवर काय आहे

एका कंटेनरमध्ये दोन पॅराशूट असतात, खाली मुख्य आणि वर रिझर्व्ह. कंटेनरच्या तळाशी, उजव्या हाताला लागेल असं पायलट शूट. ते हवेत फेकलं की त्याला जोडलेली पट्टी, ब्रायडल, ताणली जाते, क्लोजिंग पिन निघते, बॅग बाहेर येते, दोऱ्या सुटतात आणि कॅनॉपी भरते. दोऱ्यांवरून खाली सरकणारा चौकोनी कापडाचा स्लायडर ही भरण्याची गती आवरतो. तो वर टेकवून घडी केली नाही तर उघडण्याचा झटका मानेला इजा करू शकतो.

छातीच्या उजवीकडची मऊ लाल मूठ मुख्य पॅराशूट सोडते, डावीकडची, बहुधा धातूची, रिझर्व्ह उघडते. मुख्य पॅराशूट सुटतं ते खांद्यांवरच्या तीन कड्यांमुळे. बिल बूथ यांनी 1970च्या दशकात काढलेली ही रचना तरफेसारखी काम करते. मोठा भार एकेका कड्यागणिक कमी होत जातो आणि शेवटी एका बारीक केबलवर येतो. आरएसएल नावाचा पट्टा सुटणाऱ्या रायझरकडून (हार्नेस आणि दोऱ्या जोडणाऱ्या खांद्यावरच्या पट्ट्याकडून) रिझर्व्हची पिन ओढून घेतो. नवख्याने तो जोडलेलाच ठेवावा.

एएडी हे आपोआप रिझर्व्ह उघडणारं यंत्र. 1991मध्ये आलेल्या सायप्रेसने ते विश्वासार्ह केलं. त्याचं नेहमीच्या वापराचं रूप साधारण 750 फुटांवर, माणूस अजून ताशी 125 किलोमीटरपेक्षा वेगाने पडत असेल तर, रिझर्व्हचा क्लोजिंग लूप कापतं. विद्यार्थ्यांसाठीचं रूप यापेक्षा बऱ्याच कमी वेगालाही चालतं, त्यामुळे कमी उंचीवर कॅनॉपीच्या जोरदार गिरक्या घेतल्या तर ते उगाच पेटू शकतं. शिवाय ते सुरू करतानाची जमिनीची पातळी शून्य धरतं. वेगळ्या उंचीच्या जागी उतरून गाडीने परत आलात तर ते बंद करून पुन्हा सुरू करायला लागतं. हे विसरणारे पुष्कळ.

रिझर्व्हची घडी परवानाधारक रिगर, म्हणजे पॅराशूटचा तंत्रज्ञच, घालतो. अमेरिकेत ती दर 180 दिवसांनी नव्याने घालून सील करावी लागते. मुख्य पॅराशूट मात्र स्वतः घडी करायला शिका. सुरुवातीला पाऊण तास लागेल, घामही येईल. चुका ठरलेल्या असतात. पायलट शूट ताणून सज्ज केलेलं नसलं तर ते हवेत भरत नाही. ब्रायडलवरच्या छोट्या खिडकीत रंगीत खूण दिसली पाहिजे. ब्रेक, म्हणजे कॅनॉपीच्या मागच्या कडेच्या दोऱ्या, नीट अडकवलेले नसले तर उघडताच कॅनॉपी एका बाजूला फिरते. हार्नेस दोऱ्यांमधून पलटी झाला तर सगळंच पिळलेलं उघडतं, म्हणून घडीच्या आधी कंटेनरपासून कापडापर्यंत चारही रायझरच्या दोऱ्या बोटांतून सरकवत चालत जायचं. रबरबँड ढिले असले की दोऱ्या बॅगेतून एकदम ओघळतात आणि झटका बसतो. कापडाची इस्त्री केल्यासारखी नजाकत नसली तरी चालतं. दोऱ्या मध्यभागी, स्लायडर वर, ब्रेक अडकवलेले, पायलट शूट सज्ज, एवढं मात्र चुकू नये.

तपासणी तीनदा: अंगावर चढवण्याआधी, विमानात चढण्याआधी, दार उघडण्याआधी. पुढून तिनाच्या हिशेबाने बघायचं. दोन्ही खांद्यांवरची तीन कडी, तीन पट्ट्यांचे बकल म्हणजे छातीचं एक आणि मांड्यांची दोन, आणि तीन मुठी. पाठीमागे रिझर्व्हची पिन, मुख्य पिन, ब्रायडलचा मार्ग आणि पायलट शूट. छातीचा पट्टा बकलमधून चुकीचा ओवलेला असेल तर वरवर बघून कळत नाही, बोटाने ओढून पाहावा लागतो.

वर बघितलं आणि काहीतरी चुकलंय

कॅनॉपी उघडली की तीन प्रश्न: आहे का, चौकोनी आहे का, चालवता येते का? तिसऱ्याचं उत्तर नजरेने मिळत नाही. दोन्ही टॉगल (कॅनॉपी वळवायच्या आणि तिचा वेग कमी करायच्या मुठी) सोडवून पूर्ण खाली ओढायचे, डावीकडे वळायचं, उजवीकडे वळायचं.

काही गोष्टी त्रासदायक, पण दुरुस्त होणाऱ्या. कडेचे कप्पे मिटलेले असतील तर दोन्ही टॉगल खाली ओढून धरले की भरतात. स्लायडर अर्ध्यावर अडकला असेल तर टॉगल ओढून सोडून तो खाली आणता येतो. दोऱ्यांना पीळ बसला असेल तर रायझर दोन्ही हातांनी फाकवून पिळाच्या उलट दिशेला पाय झटकायचे. पीळ सुटेपर्यंत ब्रेक मात्र सोडवायचे नाहीत. मोठ्या, सावकाश कॅनॉपीवर पीळ म्हणजे किरकोळ काम. लहान, वेगवान कॅनॉपीवर तोच पीळ तुम्हाला गरगर फिरवत पाठीवर पाडतो आणि दर फेरीला शे-दोनशे फूट खातो. दोन्ही वेळा मोजायची ती उंचीच.

बाकीचे बिघाड लगेच ओळखायचे: बॅगमधून न निघालेलं पॅराशूट, कापडावरून उलटी गेलेली दोरी, दोऱ्यांची न सुटणारी गाठ, फाटलेले कप्पे. इथे क्रम एकच. लाल मुठीकडे बघा, धरा. रिझर्व्हच्या मुठीकडे बघा, धरा. कमान. लाल सोलून पूर्ण लांब ओढा, लगेच रिझर्व्ह पूर्ण लांब ओढा. बघणं गाळू नका. हार्नेस भाराखाली वर सरकतो आणि जमिनीवर सराव केलेल्या जागी मूठ सापडत नाही. पायलट शूटची मूठच सापडली नाही, म्हणजे पाठीवरून काहीच निघालेलं नाही, तर दोनदा प्रयत्न करून सरळ रिझर्व्ह ओढायचं. पायलट शूट बाहेर पडून मागे नुसतंच फडफडत राहिलं तर आधी लाल ओढायची की थेट रिझर्व्ह, याबद्दल दोन मतं आहेत आणि दोन्हींच्या बाजूने शहाणी माणसं आहेत. तुमच्या प्रशिक्षकाचं कोणतं, हे विचारून तेच पक्कं करा. वर गेल्यावर हा वाद उघडायचा नाही.

दोन्ही पॅराशूट एकदम उघडली तर ती एकामागे एक आहेत का हे बघा. तशी असतील तर काहीही सोडू नका, पुढच्या कॅनॉपीने अगदी हळू वळवा आणि गडगडत उतरा. दोन्ही एकमेकांपासून फाकून जमिनीकडे झेपावू लागली तर मुख्य ताबडतोब सोडा. शेजारीशेजारी असतील तर काय करायचं, हे तुमच्या साधनांवर आणि उंचीवर ठरतं. हार्नेसमध्ये टांगून प्रशिक्षकाबरोबर घोकलेलं उत्तर इथे कामी येतं. हा टांगलेला सराव कंटाळवाणा वाटतो, आणि परवाना मिळाल्यावर लोक तो सगळ्यांत आधी सोडतात.

उतरणं: इथे जास्त वेळ द्या

वर जाण्याआधीच वारा बघा, उतरायची जागा आणि दिशा ठरवा. विद्यार्थ्यांसाठी वाऱ्याची मर्यादा ताशी 14 मैल, म्हणजे साधारण 22 किलोमीटर. आकड्यापेक्षा झोत जास्त त्रास देतात. वारा दर मिनिटाला वर-खाली होत असेल तर थांबा. इमारत, झाडांची रांग, हँगर यांच्या आडोशाला, अडथळ्याच्या उंचीच्या दहा ते वीस पट अंतरापर्यंत, खवळलेली हवा असू शकते. तीस फुटांच्या झाडांमागे तीनशे फूट हे फारसं सुरक्षित अंतर नव्हे.

उतरण्याचा चौकोन साधारण असा: 1000 फुटांच्या सुमाराला वाऱ्याच्या दिशेने, 600 ला काटकोनात वळून, 300 ला वाऱ्यासमोर शेवटचा टप्पा. वारा जोरात असेल तर शेवटचा टप्पा आखूड पडतो, म्हणून काटकोनातलं वळण लक्ष्याच्या जवळ घ्यायचं. 300 फुटांनंतर मोठं वळण नाही. कारण साधं आहे. एक टॉगल खाली ओढलं की कॅनॉपी कलते, कलली की झेपावते, आणि पुन्हा डोक्यावर यायला तिला उंची लागते. ती उंची नसेल तर माणूस कॅनॉपीच्या वेगाने आडवा जमिनीवर आदळतो. मांडी, कंबर आणि पाठीचे कणे अशाच वळणांत मोडतात, आणि त्यांतली कित्येक वळणं अनुभवी माणसांनी, कुंपण टाळायला किंवा वाऱ्यासमोर यायला घेतलेली असतात.

म्हणून प्राधान्यक्रम पाठ करा. कॅनॉपी सपाट. समोर अडथळा नाही. किमान अर्ध्या ब्रेकपर्यंत फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी दोन्ही टॉगल खाली ओढून वेग मोडणं. पाय जुळवून गडगडत उतरण्याची तयारी. वारा कुठून आहे हे या यादीत नाही. वाऱ्याबरोबर, वेगाने, पण सपाट उतरलेला माणूस गुडघे खरवडून उठतो. दिशा थोडी बदलावीच लागली तर दोन्ही टॉगल अर्धे खाली धरून त्यातलं एक जरा वर सोडायचं. वळण सपाट राहतं. हे वर, 3000 फुटांवर, वीस-पंचवीस वेळा करून बघितलेलं असावं.

फ्लेअर दहा-बारा फुटांवर, दोन्ही हात सारखे. नजर पायांखाली ठेवली तर जमीन अंगावर आल्यासारखी वाटते आणि फ्लेअर फार लवकर होतो. पुढे, तिरक्या रेषेत बघा. लवकर झालाच तर टॉगल वर सोडू नका, कॅनॉपी पुन्हा झेपावेल. आहे तिथे धरून ठेवा आणि पाय-गुडघे घट्ट जुळवून पिंढरी, मांडी, कुल्हा, पाठ अशा क्रमाने कुशीवर लोळा. उभ्याने उतरण्याचा मान कुणी मागत नसतो, पण घोटा मोडण्यामागे अनेकदा तोच असतो.

हवेत खालच्या कॅनॉपीला आधी उतरण्याचा हक्क. समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे. गोल फिरत खाली येऊन सगळ्यांना गोंधळात टाकू नका.

स्वतःचं पॅराशूट घेताना

विंग लोडिंग म्हणजे साधनांसकट तुमचं वजन पौंडांत, भागिले कॅनॉपीचं क्षेत्रफळ चौरस फुटांत. 75 किलोचा माणूस, साधनं साधारण 12 किलो, एकूण 87 किलो म्हणजे 192 पौंड. 210 चौरस फुटांच्या कॅनॉपीवर भार 0.91 येतो, 170 वर 1.13. नवख्याने 1.0च्या आत राहावं. रिझर्व्हचाही हिशेब असाच करा, कारण बेशुद्ध अवस्थेत उतरायची वेळ आली तर त्यावरच उतरणार आहात. जुनं साधन घेताना पैसे देण्याआधी रिगरला दाखवा, आणि एएडीची शिल्लक आयुर्मर्यादा तपासा. लहान कॅनॉपी स्वस्तात मिळतेय, पुढे कामी येईल, हा विचार फार जणांना इस्पितळात घेऊन गेला आहे. एका वेळी एकच माप खाली यायचं, तेही आधीच्या मापावर सपाट वळण, ब्रेकमधलं उतरणं आणि मागच्या रायझरचा फ्लेअर जमल्यावर.

कॅमेऱ्याबद्दलही हेच. साधारण 200 उड्यांपर्यंत डोक्यावर काही लावू नका. दोरी अडकण्याचा धोका आहेच, पण लक्ष विचलित होणं हे मोठं कारण आहे. विंगसूटलाही (हातापायांमध्ये कापडाचे पंख असलेल्या पोशाखालाही) 200 उड्यांची अट आहे.

इतरांबरोबर एकाच विमानात

विमान बहुधा वाऱ्यासमोर उडत उड्या सोडतं. पोटावर पडणारे गट आधी, त्यांतही मोठा गट पहिला. मग वेगाने पडणारे, मग विद्यार्थी आणि टँडम, शेवटी विंगसूट. कारण वाऱ्याचं. सावकाश पडणारा साठ सेकंद हवेत वाहत जातो, डोकं खाली करून पडणारा चाळीस-पंचेचाळीस. वेगवान गट आधी सोडला तर मागून येणारा सावकाश गट वाहत त्याच्याच डोक्यावर येतो. दोन गटांत किती सेकंद सोडायचे ते विमानाच्या जमिनीवरच्या वेगाने ठरतं. हवेतला वेग 90 नॉट असेल आणि वारा नसेल तर 300 मीटरचं अंतर साडेसहा सेकंदांत पडतं, समोरून 40 नॉटचा वारा असेल तर बाराएक सेकंद थांबावं लागतं. पुढचा गट डोळ्यांसमोरून खाली जाईपर्यंत किंवा ठरावीक कोनापर्यंत थांबण्याची जुनी युक्ती भरवशाची नाही. वैमानिकाला विचारा, मोजा.

एकटे उडत असाल तर विमानाच्या रेषेला काटकोनात वळून सराव करा. रेषेत ट्रॅक केलात तर दुसऱ्या गटात घुसाल. गटात उडताना सुटण्याची उंची उघडण्याच्या उंचीपेक्षा किमान 1500 फूट वर ठेवा, मध्यापासून बाहेर सरळ ट्रॅक करा, वर-खाली बघून इशारा द्या, मग उघडा. सुरुवातीला दोघांचीच उडी, दुसरा अनुभवी. चार नवखे मिळून बनवलेला गट हवेत चौघांचा राहत नाही, चार दिशांचा होतो.

ड्रॉपझोनवर (उड्यांच्या मैदानावर)

मॅनिफेस्टला (उड्यांची नोंद घेणाऱ्या टेबलावर) खरे आकडे सांगा: किती उड्या, शेवटची कधी, कोणती कॅनॉपी. लोडची, म्हणजे विमानाच्या एका फेरीची, हाक साधारण वीस मिनिटं आधी येते. दहा मिनिटं आधी पट्टे बांधून तयार असावं. धावत येऊन विमानात पट्टे आवळणाऱ्याकडे सगळे वाकड्या नजरेने बघतात आणि ते योग्यच आहे. विमानात 1500 फुटांपर्यंत सीटबेल्ट, हेल्मेट बांधलेलं. दार उघडं असताना मुठी आणि पिना हाताने झाकून बसा. आत चुकून उघडलेलं पायलट शूट दाराबाहेर गेलं तर ते तुम्हाला आणि कदाचित विमानाच्या शेपटीलाही घेऊन जातं. खाली विमानाच्या मागून चढा, पंख्यापासून लांब.

दुसऱ्याच्या साधनाला न विचारता हात लावू नका, घडीच्या जागी कुणाच्या दोऱ्या ओलांडू नका. मात्र कुणाचा पट्टा सैल दिसला तर लगेच सांगा, तो हजार उड्यांचा असला तरी. तुम्हाला कुणी उतरण्यावरून टोकलं तर पहिली प्रतिक्रिया आभाराची ठेवा. बाहेरच्या शेतात उतरलात तर लगेच कळवा. तुम्ही परतेपर्यंत कुणीतरी डोकी मोजत असतं.

संध्याकाळी शेवटचं लोड उतरल्याशिवाय दारू नाही, हा नियम जवळपास सगळीकडे कडक आहे. त्यानंतर पहिल्या सुट्या उडीची, पहिल्या कटअवेची (मुख्य पॅराशूट सोडून देण्याची), नव्या कॅनॉपीची म्हणून बिअरची पेटी नवख्याच्या नावावर लागते. न पिणाऱ्याने सरबत आणलं तरी कुणी तक्रार करत नाही. शंभराव्या उडीला तोंडावर क्रीमची थाळी बसते, त्या दिवशी चांगला सदरा घालू नका. कटअवे झाल्यावर रिगरलाही काहीतरी द्यायची रीत आहे. या बसण्यातच खरी माहिती मिळते: कुठल्या झाडामागे हवा खराब आहे, कुठल्या दिशेच्या वाऱ्यात कोण कसा सापडला. मोठ्या मेळाव्यांना, बुगींना, जरूर जा, पण लोड ऑर्गनायझरला तुमची पातळी सांगून, आणि अनोळखी मैदानाचा नकाशा घेऊनच.

अपघात झाला तर मदत करणाऱ्यांना जागा द्या, घटनेचं चित्रण असेल तर ते फक्त जबाबदार माणसाकडे द्या, कुठेही टाकू नका. घरच्यांना ते मोबाइलवरून कळता कामा नये. नंतर निघणारे अपघातांचे अहवाल मात्र वाचा, आणि दोष कुणाचा यापेक्षा साखळीतली कोणती कडी तुमच्याकडेही आहे ते शोधा. हंगाम सुरू होताना बऱ्याच ठिकाणी सुरक्षा दिन असतो. त्या दिवशी हार्नेसमध्ये टांगून घेऊन मुठींचा सराव करा आणि एएडीची तारीख तपासा. ए परवान्यावर 60 दिवसांहून मोठा खंड पडला असेल तर पहिली उडी प्रशिक्षकाबरोबर, बीला ही मर्यादा 90 दिवसांची, पुढच्यांना सहा महिन्यांची. मोठ्या सुट्टीनंतर भाड्याने एक माप मोठी कॅनॉपी घ्या आणि पहिली उडी वारा शांत असलेल्या सकाळी ठेवा.